गरीब हवा, पण लांबचा

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'किवा' या संस्थेने २००९ च्या जूनमध्ये एक आगळीक केली. तिच्या यादीत चक्क अमेरिकेतले कर्जदार दिसू लागले.

तोवर सगळं कसं छान चाललं होतं. २००५ पासूनचा शिरस्ता असा: कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरने रात्री जेवण आटोपल्यावर लॅपटॉप उघडायचा, युगांडातली शेळीवाली, पेरूतली विणकरीण, कंबोडियातली भाजीवाली यांचे फोटो पाहायचे, त्यांतल्या एकीच्या नावाने पंचवीस डॉलर टाकायचे आणि शांत झोपायचं. यथावकाश मुद्दल परत आलं की तेच पैसे पुढच्या फोटोवर. व्याज शून्य, पुण्य चक्रवाढ.

आणि अचानक त्या फोटोंच्या रांगेत आपल्याच देशातला माणूस उभा! अंगावर जीन्स, तोंडात आपल्यासारखंच इंग्रजी, आणि मागणी हजारांत. मर्यादा दहा हजार डॉलर. सावकार मंडळी खवळली. आम्ही गरिबांसाठी आलो होतो, अमेरिकनांसाठी नाही, असा सूर लागला. अमेरिकनाला बँका आहेत, क्रेडिट कार्डं आहेत, सरकारी मदत आहे. त्याला आमचे पंचवीस डॉलर कशाला? तिकडे पंचवीस डॉलरमध्ये कोंबड्या येतात, इकडे एक जेवण येतं.

या हिशेबात खोट नाही. डॉलर कंपालात जेवढा लांब जातो तेवढा शिकागोत जात नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. दान द्यायचं असेल तर जरूर कंपालाला द्या. पण हे दान नव्हतं, कर्ज होतं. पैसे परत येणार होते, आणि आल्यावर पुन्हा युगांडाच्या शेळीवालीलाच देता येणार होते. शिवाय यादीतल्या अमेरिकनाला द्यायलाच हवं अशी कुणी सक्ती केली नव्हती. पुढचा फोटो बघायला एक बोट हलवायचं होतं. तरी राग आला.

साल लक्षात घ्या. त्याच्या आठच महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने अडचणीतल्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली होती. त्यावरही लोक खूप चिडले, पण 'श्रीमंत देशातल्या कर्जदाराला कशाला पैसे द्यायचे' हा आक्षेप काही तेव्हा ऐकू आला नाही. बँकेने हात पसरले की तो अर्थव्यवस्थेचा प्रश्न होतो. केस कापण्याच्या खुर्च्या घ्यायला कुणी पाच हजार मागितले की त्याच्या गरिबीचा दाखला लागतो.

मुळात राग पैशाचा नव्हताच. मोडला होता तो दोघांमधल्या अंतराचा करार. लांबच्या गरिबाची एक सोय असते. त्याच्या गरिबीला आपण जबाबदार नसतो. तो आपल्याला रस्त्यात भेटत नाही, आपल्या राज्यात मत देत नाही, आपला कर वाढवा म्हणत नाही. जवळचा गरीब हा मात्र आरोप असतो. त्याच्याकडे बघितलं की शाळा, दवाखाना, घरभाडं, किमान वेतन असले गैरसोयीचे विषय निघतात. त्यापेक्षा पेरू बरा.

लांबच्या गरिबांतही निवड असतेच. किवावरच्या कर्जांचा अभ्यास करून तीन संशोधकांनी २०१५ मध्ये एक निबंध छापला. निष्कर्ष असा, की फोटोतली व्यक्ती दिसायला चांगली, उजळ वर्णाची आणि सडपातळ असेल तर तिचं कर्ज लवकर भरतं. म्हणजे रविवारच्या पेपरातल्या 'वधू पाहिजे'च्या रकान्यात आणि जागतिक दारिद्र्यनिर्मूलनात फरक एवढाच, की इथे पत्रिका मागत नाहीत.

आणखी एक गंमत त्याच २००९ मध्ये बाहेर आली. डेव्हिड रुडमन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की फोटोतल्या बाईला कर्ज बहुतेक वेळा तुम्ही बटण दाबण्याआधीच मिळालेलं असतं. तिथल्या स्थानिक पतसंस्थेने ते देऊन टाकलेलं असतं. तुमचे पंचवीस डॉलर नंतर जाऊन त्या संस्थेची तिजोरी भरतात. व्यवहार म्हणून यात काही गैर नाही. भाजीवालीने कॅलिफोर्नियाच्या जेवणाची वाट का बघावी? पण मग त्या इंजिनिअरने नेमकं कुणाला कर्ज दिलं? संस्थेला. फोटो होता तो झोप लागण्यासाठी.

आता त्या जीन्सवाल्या अमेरिकनाकडे वळू. त्याला खरंच गरज आहे का?

अमेरिकेत आजही सुमारे ५६ लाख कुटुंबांचं बँकेत खातं नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीतला हा आकडा आहे, म्हणजे एकूण कुटुंबांच्या ४.२ टक्के. आपल्याकडे जनधनचे फलक लागले, त्यांच्याकडे तेही नाहीत. तिथल्या मध्यवर्ती बँकेची त्याच वर्षीची पाहणी सांगते, की अचानक ४०० डॉलरचा खर्च उद्भवला तर ३७ टक्के प्रौढ तो पूर्णपणे रोखीने किंवा रोखीसारख्या साधनाने भागवणार नाहीत. गाडीचा गिअरबॉक्स गेला, दाढ दुखली, की झालं. आणि गाडी गेली की नोकरी गेली, कारण त्या देशातल्या बहुतेक गावांत बस नावाची वस्तू आठवणीतच उरली आहे.

अशा माणसासाठी तिथे 'पे-डे लोन'ची दुकानं आहेत. पगाराच्या दिवशी फेडायचं कर्ज. शंभर डॉलर घ्या, दोन आठवड्यांनी एकशे पंधरा द्या. ऐकायला किती साधं! वर्षात असे सव्वीस पंधरवडे येतात. पंधराला सव्वीसने गुणा. ३९० टक्के. घेणारा दोन आठवड्यांनी फेडू शकला असता तर त्याने घेतलंच कशाला असतं? म्हणून तो पुन्हा घेतो. तिथल्या ग्राहक-वित्त नियामकानेच २०१४ मध्ये सांगितलं, की अशी ८० टक्क्यांहून जास्त कर्जं चौदा दिवसांच्या आत पुन्हा उचलली जातात किंवा पुढे ढकलली जातात. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी या दुकानांना थारा दिलेला नाही. टेक्सससारख्या राज्यांत ती भररस्त्यात, दिव्यांच्या रोषणाईत उभी आहेत. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. टेक्ससात जाळायला खतंही सापडायची नाहीत, सगळं संगणकात.

बरं, अमेरिकेच्या संसदेला हे कळत नाही असं नाही. २००६ मध्ये तिने कायदा केला, की सैन्यात सेवेवर असलेल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला ३६ टक्क्यांच्या वर दर लावून असली कर्जं देता येणार नाहीत. कारण कर्जबाजारी सैनिक लढाईच्या कामाचा राहत नाही, हे सेनादलाच्या लक्षात आलं. कर्जबाजारी वेटर, कर्जबाजारी नर्स, कर्जबाजारी ट्रकवाला कामाचा राहतो की नाही, यावर संसदेचा अभ्यास सुरू असावा.

तेव्हा गरज आहे का, या प्रश्नाचं उत्तर झालं. आता पुढचा प्रश्न, आणि तो किवाच्या सावकारांनी विचारलाच नाही: छोट्या कर्जाचं बांगलादेशातलं औषध अमेरिकेला लागू पडतं का?

हा प्रयोग किवाच्या कितीतरी आधी होऊन गेलाय. मुहंमद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, ही कथा आता पाठ्यपुस्तकात असते. १९८० च्या दशकात आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन आणि हिलरीबाई या कथेच्या प्रेमात पडले. आर्कान्सा हे तिथलं गरीब राज्य. कापूस, भाताची शेतं, आणि मिसिसिपीकाठची ओस पडत चाललेली गावं. मग १९८८ मध्ये पाइन ब्लफ या गावात 'गुड फेथ फंड' सुरू झाला. युनूस यांच्या ग्रामीण बँकेची हुबेहूब नक्कल: तारण नको, काही जणांचा गट करा, एकाने बुडवलं तर बाकीच्यांचं कर्ज अडेल, म्हणून सगळे एकमेकांवर नजर ठेवतील.

नक्कल उतरली नाही. का, ते बघण्यासारखं आहे.

जोब्रात गरीब म्हणजे आधीच धंदा करणारा. नोकरी मिळायची शक्यताच नाही, म्हणून कुणी सुपं विणतंय, कुणी भात कांडतंय, कुणी म्हैस राखतंय. त्याला फक्त भांडवल कमी पडतं आणि तेवढ्यासाठी तो दलालाकडे गहाण असतो. पाइन ब्लफमध्ये गरीब म्हणजे नोकरी गेलेला किंवा अर्धवट नोकरी असलेला. त्याला धंदा नको, पगार हवा. आणि धंदा करायचाच म्हटलं तर कसला करणार? घरी शिवलेले कपडे, घरी केलेलं लोणचं त्याने ज्या राज्यात विकायला काढायचं, त्याच राज्यात १९६२ मध्ये वॉलमार्टचं पहिलं दुकान उघडलंय आणि मुख्यालयही तिथेच, बेंटनव्हिलला. म्हणजे सिंहाच्या गुहेच्या तोंडाशी शेळीपालन करायचं आणि त्यासाठी कर्ज काढायचं.

गटाचंही तसंच. जोब्रात बायका एकमेकींच्या विहिरीवर पाणी भरतात. कुणाच्या घरी काय शिजलं ते दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. आपल्या बचत गटांत आणि भिशीतही हेच चालतं. नवऱ्याने हप्त्याचे पैसे उडवले हे गटाच्या अध्यक्षाबाईंना बँकेच्या आधी समजतं. पाइन ब्लफमध्ये गट जमवावे लागले, तेही सभा घेऊन, अनोळखी माणसांचे. दुसऱ्याचं कर्ज माझ्या डोक्यावर कशाला, हा अमेरिकन माणसाचा प्रश्न होता, आणि तो चूक म्हणता येत नाही.

त्याहून मोठी मेख सरकारने मारून ठेवली होती. मुलं असलेल्या गरीब घरांना जे सरकारी साहाय्य मिळे, त्याची अट अशी, की शिल्लक मालमत्ता एक हजार डॉलरच्या वर गेली तर साहाय्य बंद. म्हणजे कर्ज घ्या, शिवणयंत्र घ्या, चार पैसे गाठीला बांधा, आणि गाठ मोठी झाली की घरचं धान्य-दूध बंद. गरिबाने उद्योजक व्हावं असा सरकारचा आग्रह होता, फक्त त्याने नफा करू नये एवढीच अपेक्षा होती. काही वर्षांनी 'गुड फेथ'ने गटकर्जाचा नाद सोडला आणि प्रशिक्षणाकडे मोर्चा वळवला.

म्हणून औषध फेकून द्यायचं का? नाही. दुसरा प्रयोग २००८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये सुरू झाला, 'ग्रामीण अमेरिका' या नावाने. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना जॅक्सन हाइट्स सांगायला नको. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, सोनं, कढीपत्ता. मुंबईहून आलेल्या सासूबाईंना एक दिवस तिथे न्यावंच लागतं. त्याच वस्तीत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका रस्त्याकडेला मक्याचे तमाले विकतात, घरात केस कापतात, मुलं सांभाळतात, कपडे विकतात. यांना पाइन ब्लफचं कोडं पडत नाही, कारण या जोब्राच्याच बायका, पत्ता तेवढा न्यूयॉर्कचा. धंदा आधीच चालू, शेजारणी ओळखीच्या, आणि मागच्या देशात असल्या गटांची सवयही. पाच जणींचा गट, पहिलं कर्ज दीड हजार डॉलरपर्यंत, हप्ता दर आठवड्याला, व्याज पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास. चाललं. एका वस्तीतून अनेक शहरांत गेलं.

नंतर न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत संशोधकांनी कर्ज मिळालेल्या गटांची न मिळालेल्या गटांशी रीतसर तुलना केली. कर्जवाल्यांच्या घरची ओढाताण कमी झाली, आणि त्यांचा पतगुणांक वाढला. हा पतगुणांक म्हणजे त्या देशातली खरी जात. घर भाड्याने हवं, दाखवा गुणांक. गाडीचा विमा, दाखवा गुणांक. काही ठिकाणी नोकरीच्या अर्जावरही कर्जफेडीचा इतिहास तपासतात. आणि गुणांक मिळतो कशाने? कर्ज घेऊन फेडल्याने. ज्याने आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, कुणाचा छदाम ठेवला नाही, त्याला तो देश ओळखतच नाही. आपल्या आजोबांना तिथे कुणी खोली भाड्याने दिली नसती. तमालेवालीला दीड हजार डॉलरपेक्षा जास्त उपयोग झाला तो ते वेळेवर फेडल्याची नोंद झाल्याचा.

कायापालट वगैरे होतो असं मात्र समजू नये. तो गरीब देशांतही होत नाही. भारत, मोरोक्को, मंगोलिया, मेक्सिको, इथिओपिया आणि बोस्निया अशा सहा देशांतल्या काटेकोर अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र छापले गेले. थोडा फायदा, थोडी मोकळीक, गरिबीतून सुटका नाही. हैदराबादच्या झोपडपट्ट्यांतला अभ्यास त्यातलाच, आणि तो करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. तेव्हा 'गरिबाला कर्ज द्या, तो स्वतःच गरिबी हटवेल' हे वाक्य युगांडात खोटं आणि अमेरिकेतही खोटं. खोटेपणात तरी समानता आहे.

अमेरिकेला एकटीला धोपटायला नको, म्हणून इंग्लंडची एक चक्कर मारू. तिथे 'वोंगा' नावाची कंपनी झटपट कर्ज द्यायची. तिच्या जाहिरातीत कायद्याप्रमाणे वार्षिक दर छापावा लागे: ५,८५३ टक्के. छपाईची चूक नाही, दर आहे. २०१३ च्या जुलैत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी जाहीर केलं, की चर्च पतसंस्थांना बळ देईल आणि स्पर्धा करून वोंगाला बाजारातून घालवेल. टाळ्या पडल्या. लगेच वर्तमानपत्रांनी शोधून काढलं, की चर्चच्या निधीची थोडी गुंतवणूक, आडवळणाने का होईना, वोंगातच आहे. देवाघरचा न्याय म्हणतात तो हा असावा. पुढे नियामकाने दिवसाला ०.८ टक्क्यांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये वोंगा बुडाली. फ्रान्सने मात्र फारसा आवाज न करता १९८९ पासून हे काम चालवलंय. मारिया नोवाक या अर्थतज्ज्ञ बाईंनी ग्रामीण बँकेपासून धडा घेऊन 'आदी' ही संस्था काढली, आणि तिच्या मार्गात येणारे बँकिंगचे नियम सरकारकडून बदलून घेतले. फ्रेंच लोक संपाला प्रसिद्ध, म्हणून असली कामं दिसत नाहीत.

आता मूळ भांडणाकडे. श्रीमंत देशातल्या गरिबाला कर्ज द्यावं का? द्यावं. जरूर द्यावं. माझं भांडण वेगळंच आहे, आणि ते किवाच्या रागावलेल्या सावकारांशीही आहे.

किवाने २०११ मध्ये एक नवा प्रयोग काढला. मधली पतसंस्था काढून टाकायची आणि कर्जदाराला थेट पैसे द्यायचे, शून्य टक्के व्याजाने. प्रयोग दोन देशांत सुरू झाला: अमेरिका आणि केनिया. केनियातला काही वर्षांत गुंडाळला. अमेरिकेतला टिकला, वाढला. आज अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकाला किवावरून १५,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळतं. व्याज शून्य, फी शून्य, फेडायला तीन वर्षांपर्यंत मुदत. अट एक: आधी स्वतःच्या ओळखीतल्या काही लोकांकडून पंचवीस-पंचवीस डॉलर उभे करून दाखवायचे. ही अट मला फार आवडते. पतगुणांक विचारत नाहीत, गावात इज्जत किती ते विचारतात.

आणि पेरूतल्या विणकरणीला? तिला कर्ज अजूनही स्थानिक संस्थेमार्फतच मिळतं. ती संस्था व्याज घेते, आणि किवाच्या भागीदार संस्थांचा दर सर्वसाधारणपणे तिशी-पस्तिशीच्या घरात राहत आलाय. का घेते, त्याला कारण आहे. दोनशे डॉलरचं कर्ज द्यायला माणूस डोंगर चढून जातो, कागद करतो, दर आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता आणायला पुन्हा जातो. त्याचा पगार, पेट्रोल, बुडीत खाती, सगळं त्या दोनशेतूनच निघायचं असतं. कर्ज जितकं लहान तितका दर मोठा, हे गणित कुणी दुष्ट म्हणून तसं झालेलं नाही.

पण मग तेच गणित अमेरिकेत कुठे गेलं? तिथला कर्मचारी काय फुकट येतो? तिथला खर्च तर कितीतरी जास्त. तो भागतो देणग्यांमधून. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या त्याच इंजिनिअरचे तेच बिनव्याजी पंचवीस डॉलर: अमेरिकनाच्या हातात पडतात तेव्हा शून्य टक्के, विणकरणीच्या हातात पडेपर्यंत तीस टक्के. अलीकडे तर किवा तिच्या भागीदार संस्थांकडून शुल्कही घेऊ लागली. त्यावर काही जुन्या सावकारांनी संप केला. सावकारांचा संप हा अर्थव्यवहाराच्या इतिहासातला बहुधा नवाच प्रकार.

२००९ मध्ये अमेरिकन कर्जदार यादीत दिसला म्हणून संतापलेल्यांनी हे विचारायला हवं होतं. 'त्याला का देता' याऐवजी 'तिच्याकडून इतकं का घेता'. परंतु पहिला प्रश्न विचारायला फोटो पुरतो; दुसरा विचारायला हिशेब वाचावा लागतो.

आपण मराठी माणसांनी या बाबतीत तिकडच्यांना हसू नये. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना घेतलेल्या सावकाराला शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. गरिबांच्या उद्धारासाठी दारोदार फिरणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांचा दर चोविशीच्या आसपास असतो, आणि त्यांच्यावरची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढून टाकली. म्हणजे कथा-कादंबऱ्यांत ज्याला खलनायक केलं तो स्वस्त आणि ज्याला पुरस्कार दिले तो महाग. परवानाधारक सावकार दारात उभा करतो का, हा वेगळा प्रश्न. २०१० मध्ये आंध्रात काय झालं तेही आपण पाहिलंय: एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीवाले ओट्यावर, आत्महत्या, आणि त्याच वर्षी देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा शेअर धुमधडाक्यात बाजारात. तिथल्या बायकांना कर्ज कमी मिळत होतं ही तक्रार नव्हती.

याच महाराष्ट्रात म्हसवडच्या बायकांनी १९९७ मध्ये स्वतःची माणदेशी बँक काढली. त्याआधी त्यांचा अर्ज परत आला होता, कारण संस्थापकांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा त्या बायकांना घेऊन पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. बायका म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज तोंडी सांगतो. साहेबांना कॅल्क्युलेटर लागला तर बघा. परवाना मिळाला. माणदेशातल्या निरक्षर बाईला 'व्याज किती' हा जो प्रश्न पहिल्यांदा सुचतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या पदवीधराला सुचत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कर्ज धंद्याला द्यायचं असतं. अमेरिकेत अलीकडे इतर संकेतस्थळांवर लोक कॅन्सरच्या उपचारासाठी, घरभाड्यासाठी पैसे मागतात. तिथे छोट्या कर्जाचा तोडगा पुढे करणं म्हणजे बेरोजगाराला उद्योजक आणि रुग्णाला ग्राहक म्हणणं. दाढदुखीवर कर्ज काढून कुणाचा धंदा वाढत नाही. ते काम सरकारचं आहे, आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारला ते परवडत नाही असं म्हणायला त्याचे नागरिकही धजणार नाहीत.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातले आपले वाचक या यादीत पंचवीस डॉलर टाकत असतील. टाका. जॅक्सन हाइट्सच्या तमालेवालीला द्या, कंपालाच्या शेळीवालीला द्या. फक्त देण्याआधी फोटोखालच्या बारीक अक्षरांत भागीदार संस्थेचं नाव असतं, त्यावर टिचकी मारा आणि ती कर्जदाराकडून किती टक्के घेते ते वाचा. आकडा तिथेच असतो. जास्त वाटला तर पुढच्या संस्थेकडे जा आणि का गेलात ते किवाला लिहून कळवा. अमेरिकेत मत देत असाल तर तुमच्या खासदारालाही एक पत्र टाका. सैनिकांसाठी असलेली ३६ टक्क्यांची मर्यादा सगळ्या नागरिकांना लागू करणारं विधेयक तिथल्या संसदेत एकाहून जास्त वेळा मांडलं गेलंय. ते अजून मंजूर झालेलं नाही.